एका श्रावणाचे वाचन

श्रावण लागला की आमच्या बिद्रीत पोथी लागते. त्यात योगायोग काही नाही. भाताची रोपलावण तोवर उरकलेली असते, भांगलणीची घाई थोडी ओसरते, दूधगंगा दोन्ही काठ धरून वाहत असते आणि साखर कारखान्याचे धुराडे आभाळाकडे तोंड करून मुकाट उभे असते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे मग कोण पोथी ऐकतो? ऊसतोड, गाड्यांच्या रांगा, काट्यावरची वादावादी यांतच माणसे बुडून जातात. ऐकण्यावाचण्याला जो काय महिना सापडतो तो हाच.

पोथीतही दोघे लागतात, एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. वाचणारा ओवी म्हणून थांबतो, अर्थ सांगणारा तिला गावच्या बोलीत आणतो, आणि ऐकणारे पुन्हा तिला आपापल्या घरात घेऊन जातात. शहरातल्या मंडळींना वाटते की वाचन हा एकट्याने कोपऱ्यात बसून करावयाचा उद्योग आहे. आमच्याकडे शतकानुशतके वाचन हे चारचौघांत होत आले, आणि ज्याला अक्षर येत नाही तोही पांडवप्रताप 'वाचलेला' असतो. नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींचा हा केवढा पराक्रम! हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे सारे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतले. तीनशे वर्षे उलटून गेली, पण श्रावणात त्यांच्या आवाजाला कुठे भेग पडलेली नाही.

यंदाच्या श्रावणात सायंकाळी पोथी आणि उरलेल्या वेळात जे हाती येईल ते वाचावे, असे मी ठरविले. क्रम असा काही नव्हता. मात्र महिना संपता संपता टेबलावर जी चवड जमली ती पाहून माझे मलाच हसू आले. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, ग्रॅहॅमचा अहवाल, जुने गॅझेटियर, जेकबच्या आठवणी, एका इटालियन गिरणीवाल्याची कहाणी, गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', लठ्ठ्यांनी लिहिलेले शाहूचरित्र आणि सर्वांच्या वर आनंद यादवांची 'झोंबी'. या मंडळींना एका ओसरीवर बसविले असते तर एकमेकांशी काय बोलली असती, देव जाणे. परंतु ती माझ्याजवळ मात्र एकाच विषयावर बोलू लागली. ते कसे घडले ते सांगतो.

आरंभ केला आज्ञापत्राने. शिवछत्रपतींपासून कोल्हापूरच्या संभाजीराजांपर्यंत पाच छत्रपतींची कारकीर्द पाहिलेला हा अमात्य. १६८९ मध्ये राजाराममहाराज जिंजीकडे गेले तेव्हा 'हुकुमतपनाह' म्हणून साऱ्या मुलखाचा भार त्याने वाहिला. असा मनुष्य म्हातारपणी, १७१५ च्या सुमारास, राज्य कसे राखावे हे सांगावयास बसतो. म्हणजे इकडे श्रीधरस्वामी गावच्या देवळासाठी पांडवांची कथा रचीत होते, आणि त्याच काळात इकडे हा अमात्य राजवाड्यासाठी नीती लिहीत होता. सातारा आणि कोल्हापूर अशी घराची वाटणी होऊन गेलेली, चुलतभाऊ हातघाईवर आलेले. भाऊबंदकीची गोष्ट देवळातही चालू होती आणि दरबारातही! हा मेळ कोणी जुळवून आणला नव्हता; पण दोन्ही ग्रंथ एकाच दिवशी हातात धरले म्हणजे तो जाणवल्यावाचून राहत नाही.

आज्ञापत्रातले टोपीकरांविषयीचे इशारे सर्वांना ठाऊक असतात. मला अधिक मोह पडला तो दुर्गांच्या प्रकरणाचा. गडाला एकच दरवाजा नसावा, चोरदिंड्या असाव्यात, हे तर कोणीही सांगेल. परंतु पाणी एकाच झऱ्यावर विसंबून ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, हे सांगणारा मनुष्य कागदावरचा मुत्सद्दी नव्हे. त्याने वेढे सोसलेले आहेत. आणि केराविषयी तो काय म्हणतो पाहा. गडावर वाटेत, बाजारात, तटापाशी केरकचरा पडू देऊ नये. तो गडाखालीही लोटू नये. जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करवावा! राज्यनीतीच्या ग्रंथात वांग्या-दोडक्यांच्या आळ्याला जागा देणारा हा अमात्य मला फार आवडला. आरमाराच्या प्रकरणात आंबा-फणसाची झाडे तोडू नका, रयतेने ती लेकरासारखी वाढविलेली असतात, असे बजावणाराही हाच. गड म्हणजे नुसता तट आणि तोफ नव्हे. गड म्हणजे एक नांदते गाव, ही गोष्ट त्याच्या ओळीओळीत आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांची बायकामुले तिथे राहतात, चुली पेटतात, परसात भाजी पिकते.

ही राखेची गोष्ट मी एके सायंकाळी पोथी आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर सांगितली. ऐकणाऱ्यांत सत्तरी उलटलेले एक शेतकरी गृहस्थ होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मंडळी उठू लागली तेव्हा म्हणाले, "मास्तर, हे गडकरी गडकरी म्हणताय, ते शेवटी गेलं कुठं? आमची आजी म्हणायची, आपल्यात गडावरनं उतरल्याली माणसं हाईत. कवा उतरली, का उतरली, कुणाला ठावं न्हाई. तुमच्या पुस्तकात हाय का कुठं?"

मी म्हटले, "बघून सांगतो, आबा." आणि पुढचा सारा महिना हे 'बघून सांगणे' माझ्या मानगुटीस बसले.

आमच्या गावावरून जाणारी गारगोटीची एस्. टी. मुदाळतिट्टा ओलांडून पुढे जाते. गारगोटीच्या पलीकडे भुदरगड आहे. भैरवनाथाचे देऊळ आणि मोठे तळे असलेला, लांबरुंद माथ्याचा हा गड. शिलाहार भोजाने तो बांधला असे सांगतात. सहलीला येणारी मुले तिथे शिवाजीमहाराजांचा जयजयकार करतात, तो योग्यच आहे. परंतु या गडावरची शेवटची लढाई शिवकालातली नव्हे, पेशवाईतलीही नव्हे. ती १८४४ सालची, म्हणजे पेशवाई बुडून सव्वीस वर्षे झाल्यानंतरची आहे. ती ज्यांनी दिली ते गडकरी होते, आणि पलीकडे उभी होती इंग्रजांची पलटण.

या प्रकरणासाठी मी दोन पुस्तके पुढे घेतली. एक मेजर डी. सी. ग्रॅहॅमने कोल्हापूर संस्थानाविषयी लिहिलेला आणि १८५४ मध्ये मुंबई सरकारने छापलेला अहवाल. दुसरे १८८६ सालचे कोल्हापूरचे गॅझेटियर. ग्रॅहॅम हा बंडानंतर इथे पोलिटिकल सुपरिंटेंडेंट होता. त्याने नद्या मोजल्या, डोंगर मोजले, जाती मोजल्या, वसूल मोजला, जुने शिलालेख उतरवून घेतले. या साहेबलोकांचा मोजण्याचा उत्साह पाहिला म्हणजे कधी संताप येतो आणि कधी हेवा वाटतो. आपल्या मुलखाची ही नोंद आपणच का केली नाही, असा प्रश्न मनात उभा राहतो, आणि त्याच नोंदीवाचून आज आपले पान हलत नाही हेही खरे असते.

हकीकत थोडक्यात अशी. १८३८ मध्ये कोल्हापूरचे महाराज वारले. गादीवर लहान मूल आले. वाड्यातल्या स्त्रियांच्या हाती कारभार गेला आणि तो विसकटला. इंग्रजांनी मग दाजी कृष्ण पंडित नावाचा आपल्या विश्वासातला कारभारी आणून बसविला. पंडितांनी खर्च कमी करण्यास आरंभ केला, खाती नीट लावली, आणि त्या ओघात त्यांची दृष्टी गडांकडे गेली. गडकऱ्यांची चाकरी वंशपरंपरेची. तिच्या मोबदल्यात गडाखालच्या जमिनी त्यांच्याकडे, आणि त्या जमिनींची वहिवाटही गडावरूनच व्हायची. पंडितांच्या नव्या व्यवस्थेत ती वहिवाट मामलेदाराकडे गेली. झाले, सामानगड आणि भुदरगड यांनी दरवाजे लावून घेतले.

बेळगावहून फौज आली. सामानगड ऑक्टोबरात पडला. कोल्हापूर शहरातही दंगा माजून खुद्द पंडितांनाच कैद झाली. भुदरगड नोव्हेंबरात गेला. तेथून निसटलेले लोक पन्हाळ्यावर जमले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स त्यांच्या हाती सापडला होता, त्याला त्यांनी तिथे डांबून ठेविले. डिसेंबरच्या आरंभी तोफांनी भगदाड पाडून पन्हाळाही घेतला गेला. वणवा तेवढ्याने विझला नाही. तो सावंतवाडीकडे गेला आणि मनोहर-मनसंतोष गडांपाशी १८४५ मध्ये जाऊन थांबला. त्यानंतर गडांचे दरवाजे, तट पाडण्यात आले, गडकऱ्यांची संस्थाच मोडून टाकली, आणि बंड मोडण्यास जो खर्च आला तो कोल्हापूर संस्थानच्या नावे कर्ज म्हणून लिहिला. या शेवटच्या कलमाला काय म्हणावे? मारणाऱ्याने काठीचे पैसेही मार खाणाऱ्याकडूनच घ्यावेत, त्यातला हा प्रकार.

दाजी पंडितांना खलनायक ठरविणे सोपे आहे. माझे मन त्याला तयार होत नाही. हिशेबाच्या वहीत पाहिले तर त्यांचे म्हणणे खरेच दिसेल. लढाया संपल्या, शत्रू उरला नाही, आणि हे शेकडो लोक तटावर बसून जमिनी खातात ते कशासाठी? आजही एखाद्या कचेरीत कोणी हुशार अधिकारी येतो आणि जुन्या माणसांच्या कामावर काट मारतो. त्याची बेरीज चुकलेली नसते. परंतु आज्ञापत्र नुकतेच वाचलेल्या माणसाला ती बेरीज अपुरी वाटते. ज्याच्या परसात चार पिढ्यांच्या राखेवर भाजी पिकत होती त्याला 'तुझी चाकरी रद्द' हे शब्द 'तुझे घर रद्द' असेच ऐकू येणार. अमात्यांनी ज्याला गाव म्हणून पाहिले त्याला पंडितांनी खर्चाचे कलम म्हणून पाहिले. दोघेही कारभारीच, दोघेही आपापल्या परीने राज्याचे हितच चिंतणारे. मधे एकशे तीस वर्षे गेली आणि राज्याचा धनी बदलला, एवढाच काय तो फरक. पण तो केवढा!

आणि या सर्व हकीकतीत गडकऱ्यांच्या तोंडचे एक वाक्य नाही. म्होरक्यांपैकी बाबाजी अहिरेकरासारखे एखादे नाव येते. बाकी सारे 'बंडखोर', 'शिबंदी', 'टोळी'. किती तोफा होत्या ते कळते. कोणत्या साहेबाने कोणत्या बाजूने चढाई केली तेही कळते. तटाच्या आतल्या बाजूला काय बोलणे झाले, बायकामुलांना कोणत्या वाटेने उतरविले, हे विचारण्याची लेखकाला गरजच वाटलेली नाही. आबांच्या आजीचे वाक्य या पानांत बसावयाचे तर ते नेमके इथे बसले असते.

जेकबचे पुस्तक मी भरभर वाचले. ल ग्रँड जेकब हा १८५७ च्या धामधुमीत कोल्हापुरास पाठविलेला अधिकारी. ३१ जुलैला इथली सत्ताविसावी देशी पलटण उठली, ऑगस्टात त्याने तिची हत्यारे काढून घेतली, डिसेंबरात शहराने पुन्हा दरवाजे लावले. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय धरून त्यांना दूर कराचीस नेऊन ठेविले. तिथेच १८६९ मध्ये ते वारले. जेकब हा विद्याव्यासंगी, कर्तव्यदक्ष, आणि स्वतःवर अत्यंत खूष असलेला मनुष्य. १८७१ मध्ये पुस्तक लिहिताना त्याला सगळे आठवते, आणि जे आठवते त्यात तो स्वतः नेहमी बरोबर असतो. असल्या आत्मचरित्रांना मी एका बैठकीपेक्षा अधिक वेळ देत नाही.

या ठिकाणी वाचनाला एक विलक्षण वळण लागले. पुण्याच्या एका स्नेह्यांनी मागेच दिलेले, पण न उघडलेले एक पुस्तक मी सहज चाळावयास घेतले आणि रात्री दिवा मालवेना. कार्लो गिंझबर्ग नावाच्या इटालियन इतिहासकाराचे हे पुस्तक १९७६ मध्ये प्रथम निघाले; त्याच्या नावाचा अर्थ 'चीज आणि किडे' असा आहे. नाव ऐकून कोणाला तो पाकशास्त्राचा ग्रंथ वाटेल! कथा आहे ती सोळाव्या शतकातल्या एका दळणाऱ्याची. उत्तर इटलीत फ्रिउली प्रांतात माँतेरेआले नावाचे खेडे. तिथे पाण्यावर चालणाऱ्या चक्कीचा धंदा करणारा दोमेनिको स्कांदेल्ला. गाव त्याला मेनोक्क्यो म्हणे. या गृहस्थास लिहितावाचता येत होते. त्याने उसनी-पासनी आणून दहा-बारा पुस्तके वाचली, आणि ती इतकी मन लावून वाचली की सृष्टीची उत्पत्ती कशी झाली याचा त्याने स्वतःचाच सिद्धांत बसविला. दुधाचे जसे चीज जमते आणि त्यात किडे पडतात, तसे आरंभी सारे एकवटले आणि त्यातून देवदूत निघाले, असे तो चारचौघांत सांगू लागला. धर्मपीठाने १५८४ मध्ये त्याला पकडले. दोन वर्षांनी सोडले. पण जिभेला लगाम बसेना म्हणून १५९९ मध्ये पुन्हा पकडले आणि अखेर देहदंड दिला.

आता गंमत अशी की, या गरीब माणसाचे शब्द आज आपल्याला कळतात ते त्याच्या वैऱ्यांमुळे. धर्मपीठाचा कारकून समोर बसून त्याचे प्रत्येक वाक्य उतरवून घेत होता. त्याला प्रश्न विचारले गेले, 'हे तुला कोणी शिकविले? कोणत्या पुस्तकात वाचलेस?' आणि तो उत्साहाने उत्तरे देत गेला. बहुधा इतक्या मन लावून ऐकणारे श्रोते त्याला जन्मात मिळाले नव्हते! गिंझबर्गने ती दप्तरे उघडली आणि चारशे वर्षांपूर्वीचा दळणारा पुन्हा बोलू लागला.

मी पुस्तक मिटले तेव्हा पाऊस कौलांवर वाजत होता, आणि मनात विचार आला तो भुदरगडचा. तिथे एकाही माणसाला कोणी समोर बसवून विचारले असते, 'तू दरवाजा का लावलास?' तर! ज्यांनी मेनोक्क्योला मारले त्यांना निदान त्याच्या बोलण्याची भीती वाटत होती. ज्यांनी गडकऱ्यांना खाली उतरविले त्यांना त्यांच्या बोलण्याची गरजच नव्हती. उपेक्षा छळापेक्षा बरी, असे आपण म्हणतो. इतिहासाच्या बाबतीत मला ते तितकेसे खरे वाटेनासे झाले आहे.

ज्याचे त्यानेच लिहून ठेवावे, हा त्यावरचा एक उपाय. तो ज्याने नकळत केला तो आमचा वरसईचा विष्णुभट गोडसे. कर्ज फेडावे, चार दक्षिणा मिळवाव्यात म्हणून हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ मध्ये चुलत्यासह उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या धगीत जाऊन पडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळविले ते सारे लुटले गेले. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी त्याला भेटते, तो पाणी काढून देऊ लागतो आणि ती त्याला तसे करू न देता स्वतःच दोर ओढते. हा प्रसंग एकदा वाचल्यावर विसरणे अशक्य. परत येताना त्याच्याजवळ संपत्ती म्हणून होती ती गंगेच्या पाण्याची कावड. तिने त्याने आईबापांना स्नान घातले.

हा मजकूर त्याने पुढे पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिला. छापला गेला तो १९०७ मध्ये, वैद्यांच्या हातची काटछाट होऊन. मूळ हस्तलिखिताबरहुकूम तो वाचावयास मिळाला १९६६ मध्ये, दत्तो वामन पोतदारांनी संपादून काढला तेव्हा. वैद्यांसारख्या मोठ्या माणसाने भटजींच्या भाषेवर हात फिरवावा याचा मला राग येत असे. आता तितका येत नाही. वैद्य मागे लागले नसते तर भटजी गोष्टी सांगत सांगतच गेले असते. मात्र माझ्या संग्रहात मी पोतदारांची प्रत ठेवितो. त्यातली वाक्ये जिथे अडखळतात तिथे मला माणूस दिसतो.

भटजींना अक्षर येत होते, तो त्यांचा कुळाचार होता. गडकऱ्यांना कोण शिकविणार? या प्रश्नाने मला शाहूमहाराजांच्या चरित्राकडे नेले. अण्णासाहेब लठ्ठे हे महाराजांना जवळून पाहिलेले. पुढे ते संस्थानचे दिवाणही झाले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेले चरित्र १९२४ मध्ये, महाराज गेल्यावर दोनच वर्षांनी निघाले. त्यातले राजकारण मी येथे उगाळीत नाही. माझे बोट थांबले ते १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यावर. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड! त्या काळचा रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. राजाने प्रजेकडून दंड घेतल्याच्या हकीकतींनी इतिहास भरलेला आहे. परंतु अक्षर न शिकविल्याबद्दल घेतलेला दंड वाचून मी पुस्तक क्षणभर खाली ठेविले.

या संस्थानची अक्षराशी जडलेली नाती खरोखर पाहण्यासारखी आहेत. गडांचे तट पाडल्याला सहा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १८५० मध्ये, कोल्हापुरात नेटिव्ह लायब्ररी निघाली. तीच आजचे करवीर नगर वाचन मंदिर. आणि विलीन होण्यापूर्वी चार वर्षे, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. साऱ्या हिंदुस्थानात असा कायदा तोवर कोठेही झालेला नव्हता. मद्रासचा १९४८ चा, आणि आपल्या महाराष्ट्राचा तर १९६७ चा. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात गेले आणि तो कायदा मागे पडला. वाचनालयाच्या वर्गणीवरून जिथे तिथे रडगाणे ऐकू येते त्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल?

कायदा कागदावर असतो, आणि मूल मोटेवर. हे कळावयाचे तर 'झोंबी' वाचावी. कागल आमचाच तालुका. शाहूमहाराज जन्मले ते कागलकर घाटग्यांच्याच घराण्यात. त्याच कागलात १९३५ मध्ये एका गरीब शेतकऱ्याच्या पोटी आनंद यादव जन्मले. १९८७ मध्ये निघालेली त्यांची ही आत्मकहाणी मी पूर्वीही वाचली होती, पण या महिन्याच्या पुस्तकांच्या रांगेत ती निराळी दिसली. बाप पोराला शाळेतून काढून रानात जुंपतो. पोरगा आणि आई गावातल्या वजनदार माणसाकडे जाऊन बापावर दडपण आणवितात. शाळेत सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवितात आणि पोराच्या अंगात ती भिनते. मग रानात गुरे राखताना कागद नसला की तो दगडाने शिळेवर, नाहीतर काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढतो. म्हशीच्या पाठीवर लिहिलेले अक्षर किती काळ टिकणार? म्हैस डबक्यात बसली की संपले. तरी त्या मुलाला ते लिहावेसे वाटले. बापाला दुष्ट ठरवावे असे इथेही मला वाटले नाही. त्याच्यापुढे रान होते आणि राबणारे हात मोजके होते. दाजी पंडितांसारखी त्याचीही बेरीज बरोबर होती.

यादवांच्या कागलाच्या एका बाजूस जसे आम्ही, तसे दुसऱ्या बाजूस आजरा. तिथल्या बहिरेवाडीत जन्मलेल्या जयंत पांडुरंग नाईकांनी देशाच्या शिक्षणाचा विचार केला आणि आमच्या शेजारी गारगोटीस मौनी विद्यापीठ उभे केले. त्या मौनीमहाराजांचे पाटगाव भुदरगडाच्याच मुलखातले. पुढे कोठारी आयोगाचे सचिव म्हणून नाईकांचे नाव दिल्लीत गाजले. पण त्यांच्या 'भारतीय शिक्षणाच्या इतिहासा'चे मोठेपण मला वाटते ते यात, की खेड्यातली शाळा बंद पडली म्हणजे नक्की काय बंद पडते हे त्यांना खेड्यात राहून कळले होते.

पोथीची समाप्ती होण्यापूर्वी मी आबांना सापडले तेवढे सांगितले. १८४४ साल सांगितले, जमिनींची वहिवाट कशी काढून घेतली ते सांगितले, तट कसे पाडले ते सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे आजी खोटं बोलत न्हवती." नंतर पुन्हा विचारले, "आनि त्यांची नावं?" मी अहिरेकरांचे नाव सांगितले. ते वाट पाहत राहिले. मग मान हलवून शेंगदाण्याचा प्रसाद खाऊ लागले.

नावांच्या या प्रश्नामुळेच मला १९४२ आठवले. १३ डिसेंबर १९४२ रोजी याच खोऱ्यातल्या तरुणांनी गारगोटीच्या सरकारी कचेरीवर हल्ला केला. खजिना काढून भूमिगत चळवळीला द्यावयाचा असा बेत होता. गोळीबारात सात जण पडले. भुदरगड पडल्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. म्हणजे गडावरून उतरलेल्यांची नातवंडे-पणतवंडे तेवढ्यात कर्त्या वयाची झालेली असणार. कचेरी तीच, मामलेदाराची. मात्र या वेळी पडलेल्या सातांचीही नावे राहिली. त्यांतल्या करवीरय्या स्वामी आणि नारायण वारके या दोघांच्या नावाने मुदाळला सूतगिरणी आहे. गारगोटीची गाडी तिट्ट्यावर थांबली की शाळेची पोरे खिडकीतून डोकी काढून ती पाटी मोठ्याने वाचतात. कंडक्टर ओरडतो, डोकी आत घ्या. पोरे पाटी पुरी वाचून होईतो डोकी आत घेत नाहीत.